बोर्गचे 80 पौंड, नदालचे 55. आपल्या रॅकेटला गटिंग किती?

गोलाई_लातूर
टेनिस क्लबात वाद पेटलाय. जुनी मंडळी म्हणतात, बोर्ग रॅकेटच्या तारा, म्हणजे गटिंग, 80 पौंडांवर ताणून खेळायचा, सॅम्प्रस 70च्या वर, नदाल 55वर. म्हणजे आजची पोरं सैल गटिंगच्या जिवावर मारतात. तथ्य किती? दुसरं, माझ्या रॅकेटचं हेड (तारांचा भाग) 100 चौरस इंच, वजन 300 ग्रॅम, पॉलिस्टरची तार 56 पौंड. आठवड्याला तीनदा खेळ, कोपर ठणकतंय. किती ठेवू?

बेसलाइन_संभाजीनगर
भाऊ, तार कसली ते सोडून नुसते पौंड मोजले तर वाद मिटायचा नाही. बोर्ग आणि सॅम्प्रसकडे आतड्याची तात होती. ती कितीही ताणली तरी लवचीकच. नदालचं 1.35 मिलीमीटरचं पॉलिस्टर मुळातच कडक, म्हणून 55 पुरायचे. पॉलिस्टरची गंमत वेगळीच. चेंडूबरोबर उभी तार सरकते आणि झटक्यात जागेवर येते, त्यातून टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढे गोल फिरकी. 1997ला कुएर्तेननं पॅरिसची फ्रेंच ओपन जिंकली ते याच तारेवर, तिथून सगळे वळले.

बोर्गचे 80 मात्र अतिरेकच. लाकडी रॅकेटचं हेड लहान, त्यावर तेवढेच पौंड आणखी कडक लागतात. हॉटेलच्या खोलीत नुसत्या ठेवलेल्या रॅकेटची गटिंग तुटायची म्हणतात. पण क्लबातल्यांना हेही सांगा, 1980च्या विम्बल्डन फायनलला समोरचा मॅकेन्रो बोर्गपेक्षा कितीतरी सैल तारेवर खेळत होता आणि चौथ्या सेटचा टायब्रेक त्यानं 18-16 घेतला. सैल-कडक हा पिढीचा प्रश्न नाहीच.

तुमचं कोपर: पॉलिस्टर काढून मऊ मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची तार) घाला, 53. पॉलिस्टरच हवं तर 48च्या वर जाऊ नका.

गोदाकाठ_नांदेड
सरांशी सहमत, एक भर. पॉलिस्टर तुटायची वाट बघू नका, ते आधीच मरतं. उभी तार बोटानं बाजूला सारून सोडा. जागेवर आली नाही तर खेळ संपला. वीसेक तासांत हे होतं, आणि मे महिन्यात रॅकेट गाडीच्या डिकीत राहिली की त्याहून लवकर. कापताना एका कडेनं सुरुवात करू नका, एकाच बाजूला ताण राहून फ्रेम वाकते. मधोमध कापायला सुरुवात करून आळीपाळीनं बाहेर या.

गोलाई_लातूर
फेडररसारखं अर्धं-अर्धं केलं तर?

बेसलाइन_संभाजीनगर
त्याची उभी तात, आडवं पॉलिस्टर. तुम्ही उभी मल्टिफिलामेंट 53, आडवं पॉलिस्टर 50 करा. तारेचा 12 मीटरचा सेट निम्मा पुरतो. उभी लवकर झिजून तुटेल, ते गृहीत धरा. खऱ्या तातेच्या नादी पावसाळ्यात लागू नका, ओल लागली की तिचे तंतू सुटतात.

आणि पौंड सांगण्याआधी गटिंग करणाऱ्याचं तार ओढायचं मशीन बघा. वजन टांगलेलं ड्रॉप-वेट असेल तर ओढ कायम राहते. हँडल फिरवायचं मशीन ताण आला की लॉक होतं आणि तार तिथंच ढिली पडायला लागते. त्यावर 53 हवे असतील तर 55-56 सांगा.

गोलाई_लातूर
हँडलवालंच आहे. 56 सांगतो, मल्टिफिलामेंटला.

गोदाकाठ_नांदेड
ग्रोमेटही (फ्रेमच्या भोकांतल्या प्लास्टिकच्या नळ्या) बघून घ्या. भोकाची कड चिरली असेल तर नवी तार तिथंच तुटते.