फायबर लागलं, तरी मागच्या खोलीत लेक्चर अडकतंय

सिडकोकर: सिडकोत घरी ४० एमबीपीएसचं फायबर आलंय. राउटर हॉलमध्ये. मागच्या खोलीत वाय-फायवर ऑनलाइन लेक्चर अडकतं, असाइनमेंटची पीडीएफ अपलोड होताना अर्ध्यात लटकते. प्लॅन वाढवू का?

गोदाकाठ: प्लॅन राहू द्या, एका लेक्चरला ३-४ एमबीपीएस पुरतात. आधी लॅपटॉप राउटरला केबलने जोडून स्पीड मोजा. तिथे पूर्ण मिळाला तर दोष भिंतींचा. वाय-फायचा ५ गिगाहर्ट्झ बँड वेगवान खरा, पण दोन भिंतींत गळपटतो, मागे २.४ गिगाहर्ट्झचा वापरा, राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११, जो मोकळा असेल तो. सगळ्यात खात्रीची म्हणजे राउटरपासून मागच्या खोलीपर्यंत कॅट-६ नेटवर्क केबल. फायबरची वायर मात्र कोपऱ्यात करकचून वाकवू नका. एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला की बहुधा तीच दुखावलेली असते.

मेनरोड७: पीडीएफचं दुखणं वेगळं. रंगीत फोटो जोडले की फाइल फुगते. स्कॅन ग्रे, २०० डीपीआयवर (स्कॅनची बारकाई) करा. पोर्टलची साइझ-मर्यादा आधी बघा. आणि शेवटच्या तासाला कशाला अपलोड करायचं?

सिडकोकर: लाइट गेली तर?

गोदाकाठ: मिनी यूपीएस, म्हणजे राउटरसाठीची छोटी बॅटरी. राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट वाचूनच घ्या. बरेच राउटर १२ व्होल्टचे, पण ९ चेही असतात. फायबरची वायर ज्यात येते तो डबा राउटरपासून वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, हे हमखास विसरतात.