ग्राफिक्स कार्डला बाहेरचा कूलर बसवला, फरक मोजायचा कसा?

प्रश्न:
मूळ कूलर काढून दोन पंख्यांचा मोठा कूलर बसवलाय. आधी गेममध्ये कार्ड ८२ डिग्रीपर्यंत जायचं, आता ६८ च्या वर जात नाही. पण आधीचे आकडे भर दुपारी घेतलेले, खोलीत ३४ होतं, आणि आताचे रात्री २७ असताना, मग यात कूलरचा वाटा किती तेच कळेना. शिवाय अर्ध्या तासाने गेम अडखळायला लागतो, हे आधी कधीच होत नव्हतं.

प्रतिसाद १:
खोलीचं तापमान वजा करा. आधी ४८, आता ४१, म्हणजे कूलरने कमावले साधारण ७, १४ नाही. आणि पंखे ऑटोवर ठेवून टेस्ट घेऊ नका, दोन्ही कूलरचा आवाज सारखा येईल असा वेग फिक्स करा आणि मग तापमान बघा, नाहीतर एक कूलर नुसता जोरात फिरून जिंकतो. पॉवर लिमिट (कार्डने किती वीज खायची ती मर्यादा) तीच ठेवा, केसचं झाकण बंद, आणि लोड (कार्डवर पूर्ण ताण) २०-३० मिनिटं तरी, आकडा हलायचा थांबेपर्यंत. क्लॉकही (चिपचा वेग) लिहून ठेवा, कारण कार्ड थंड राहिलं की बूस्ट, म्हणजे कार्ड स्वतःच घेतं तो जादा वेग, आपोआप वाढतो, मग तेवढ्याच तापमानाला ते जास्त काम करत असतं.

प्रतिसाद २:
मला त्या अडखळण्याची जास्त काळजी वाटते. कोर (मुख्य चिप) थंड आहे म्हणजे सगळं कार्ड थंड आहे असं नाही हो! मूळ कूलरची प्लेट बहुतेक वेळा मेमरी आणि व्हीआरएमलाही (चिपला वीज पुरवणारे भाग) टेकलेली असते, बाहेरच्या कूलरमध्ये तिथे छोटे हीटसिंक थर्मल टेपने चिकटवावे लागतात. टॉवर केसमध्ये कार्डची ती बाजू खाली असते, म्हणजे हीटसिंक उलटे लटकतात, टेप तापली की सुटतात. माझा एक असाच केसच्या तळाशी सापडला होता. जीपीयू-झेडमध्ये (कार्डचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लॉग चालू करा, हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) कोरपेक्षा २५-३० डिग्रीने जास्त असेल तर चिप आणि कूलरमधली पेस्ट किंवा स्क्रूचा दाब बघा, समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत आवळायचे.

प्रश्नकर्ता:
हॉटस्पॉट ८० होता, ते ठीकच वाटतंय. पण कार्ड काढलं तर व्हीआरएमवरचा एक हीटसिंक एका कडेने सुटून तिरका लोंबत होता, बोट लावलं तर हातातच आला. आयसोप्रोपिलने पुसून नवी टेप लावली, कार्ड उलटं ठेवून रात्रभर दाबून ठेवलं. आज तासभर लोड दिला, क्लॉक एकदाही पडला नाही. आता पंखे १२०० आरपीएमला फिक्स करून पहिल्यापासून मोजतो.