मधुमेही वडिलांच्या रोजच्या जेवणाची आखणी कशी करावी?

प्रश्न

माझ्या वडिलांचे वय ६४ असून त्यांना बऱ्याच वर्षांपासून टाइप २ मधुमेह आहे. सकाळी न्याहारीच्या वेळी ग्लिमेपिराइड आणि दोन्ही जेवणांनंतर मेटफॉर्मिन अशी औषधे चालू आहेत. अलीकडच्या तपासणीत एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा) ८.४ टक्के आल्यापासून घरात पथ्य फारच कडक झाले आहे. भात, बटाटा आणि केळे पूर्ण बंद असून न्याहारीला बिनसाखरेचा चहा आणि थोडी काकडी एवढेच दिले जाते. असे असूनही दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी रक्तातील साखर २४० च्या आसपास भरते, आणि त्याच जेवणाच्या थोडे आधी मात्र त्यांना घाम फुटतो व हात थरथरतात. काय खाऊ नये याच्या याद्या पुष्कळ मिळतात. परंतु सकाळपासून रात्रीपर्यंत काय, किती आणि कोणत्या वेळी द्यावे, हे नीट सांगणारे कोणी भेटले नाही. ते जेवणाला कंटाळले आहेत आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आपण लिहिलेल्या मजकुरातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट २४० हा आकडा नसून जेवणाआधीचा घाम आणि थरथर ही आहे. ती लक्षणे दिसताच ग्लुकोमीटरने साखर तपासावी. ती दर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी असेल तर (येथील साखरेचे सर्व आकडे याच मापात आहेत) १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, आणि आकडा वर आला नसेल तर तेवढेच पुन्हा द्यावे. यंत्र हाताशी नसेल तर मोजण्यासाठी थांबू नये. आधी ग्लुकोज द्यावे. रुग्णाची शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये आणि तातडीने वैद्यकीय मदत मागवावी.

असे का होत असावे, हे त्यांच्या औषधांवरून समजते. मेटफॉर्मिन एकटे घेतल्यास साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत खाली जात नाही. ग्लिमेपिराइड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, आणि पोटात अन्न आले आहे की नाही याची वाट ते पाहत नाही. त्यामुळे गोळी घेऊन नुसत्या काकडीवर सकाळ काढणाऱ्या माणसाची साखर दुपारपर्यंत उतरणे स्वाभाविक आहे. साखर उतरली की शरीर बचावासाठी संप्रेरके सोडते, यकृत साठवलेली साखर रक्तात ओतते आणि प्रचंड भूक लागते. त्या भुकेच्या भरात झालेले जेवण नंतर २४० वर जाऊन थांबते. म्हणजे सकाळचे कडक पथ्यच दुपारचा आकडा वाढवत असण्याची दाट शक्यता आहे. ही माहिती नोंदींसह डॉक्टरांना लगेच कळवावी, कारण गोळीची मात्रा बदलावी लागू शकते. तो निर्णय त्यांचाच असावा; आपण परस्पर गोळी बंद करू नये.

आणखी एक बारकावा फारसा सांगितला जात नाही. औषधांत अकार्बोज किंवा व्होग्लिबोज असेल तर साखर उतरल्यावर घरातील नेहमीची साखर देऊन लवकर उपयोग होत नाही, कारण ही औषधे तिचे आतड्यातील विघटन मंदावतात. अशा रुग्णासाठी ग्लुकोजच जवळ ठेवावे लागते.

दुसरा प्रतिसाद

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. न्याहारी सावरल्याशिवाय पुढच्या आखणीला अर्थ नाही.

रक्तातील साखरेवर सर्वांत थेट परिणाम कर्बोदकांचा होतो, म्हणून आखणीची सुरुवात दिवसभरातील कर्बोदकांच्या वाटणीपासून करावी. ती पूर्ण बंद करण्यापेक्षा तीन जेवणांत साधारण सारखी विभागणे आणि जेवणाच्या वेळा रोज जवळपास त्याच ठेवणे, हे ग्लिमेपिराइड किंवा ठरावीक मात्रेचे इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी फार आवश्यक असते. एका जेवणात ४५ ते ६० ग्रॅम कर्बोदके हा प्रौढांसाठी अनेकदा वापरला जाणारा आरंभबिंदू आहे; वजन, हालचाल आणि औषधे पाहून तो कमी-जास्त केला जातो. शिजवलेल्या १०० ग्रॅम भातात सुमारे २८ ग्रॅम, उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात सुमारे २०, पाव लिटर दुधात सुमारे १२ आणि मध्यम आकाराच्या सफरचंदात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात. शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरांतही सुमारे २० ग्रॅम असतात, पण त्यांतील जवळपास ८ ग्रॅम चोथा असतो आणि सोबत ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. म्हणून तेवढ्याच कर्बोदकांनी साखर सावकाश चढते. आता बेरीज करून पाहावी. १०० ग्रॅम भात आणि १०० ग्रॅम मसूर मिळून ४८ ग्रॅम होतात. भात बंद करण्याची गरज नव्हती, तो मोजण्याची होती. सुरुवातीला काही दिवस स्वयंपाकघरातील वजनकाटा वापरावा, कारण नजरेचा अंदाज, विशेषतः भाताच्या बाबतीत, फार फसवा असतो. नंतर ठरावीक वाटी पुरेशी होते.

रोज मोजणे जमणार नसेल तर सुमारे २३ सेंटिमीटर व्यासाचे ताट घ्यावे. त्याच्या अर्ध्या भागात पालेभाज्या, फळभाज्या आणि कोशिंबिरीसारखे कच्चे पदार्थ, पाव भागात कडधान्ये, अंडी, मासे किंवा पनीर यांसारखी प्रथिने आणि उरलेल्या पाव भागात धान्य किंवा बटाटा वाढावा. बटाटा भाजीच्या अर्ध्या भागात मोजू नये; ही चूक सर्रास होते. भाजी आणि प्रथिने आधी खाऊन धान्य शेवटी घेतल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असे काही लहान अभ्यासांत दिसले आहे. त्याला खर्च काहीच नसल्याने करून पाहण्यास हरकत नाही.

न्याहारीत प्रथिने असलीच पाहिजेत, हा माझा आग्रह आहे. दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्यांच्या जोडीला एखादे धान्य मोजून आणि एक पेला दूध दिल्यास दुपारपर्यंत पोट टिकते. अंडी चालत नसतील तर मोड आलेली कडधान्ये किंवा पनीर द्यावे.

तिसरा प्रतिसाद

मी स्वतः मधुमेही आहे, म्हणून मोजमापाबद्दल लिहितो. कोणत्याही तक्त्यापेक्षा आपल्या वडिलांचे रक्त अधिक खरी माहिती देते. एका जेवणाच्या लगेच आधी आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी, अशी जोडीने तपासणी करावी आणि ताटात काय होते ते शेजारी लिहावे. अनेक प्रौढ रुग्णांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य मानले जाते. वय जास्त असेल किंवा साखर वारंवार उतरत असेल तर डॉक्टर ते मुद्दाम सैल ठेवतात. एके दिवशी न्याहारी, दुसऱ्या दिवशी दुपारचे जेवण, असे फिरते वेळापत्रक ठेवल्यास बोटांनाही विश्रांती मिळते. एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. झोप, ताण आणि किरकोळ आजारपणही साखर बदलतात.

नव्या आखणीनंतर एचबीए१सी लगेच तपासण्याची घाई करू नये. लाल रक्तपेशी सुमारे १२० दिवस जगतात, त्यामुळे या तपासणीत मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे हा मी आहाराचाच भाग मानतो, कारण चालताना स्नायू रक्तातील साखर वापरतात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. उद्याच डॉक्टरांची वेळ घेत आहे. दोन शंका उरल्या आहेत. फळे अजिबात देऊ नयेत, असे नातेवाईक सांगतात. ते बरोबर आहे का? आणि साखरेऐवजी मध, तसेच ‘शुगर फ्री’ लिहिलेली बिस्किटे चालतील का?

दुसऱ्या प्रतिसादकर्तीचे उत्तर

फळे द्यावीत, मात्र अख्खी आणि मोजून. फळाचा रस काढला की चोथा बहुतांश निघून जातो आणि दोन-तीन फळांची साखर काही घोटांत पोटात जाते. म्हणून रस फक्त साखर उतरल्यावर औषधासारखा वापरावा. मध्यम केळ्यात सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके असतात, त्यामुळे अर्धे केळे मूठभर शेंगदाण्यांबरोबर देता येईल. जेवणानंतर वरून फळ न देता ते त्या जेवणाच्या हिशेबात धरावे.

मधाच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे १७ ग्रॅम कर्बोदके असतात आणि तीही बहुतांश साखरच असते. नैसर्गिक असल्याने ती रक्तात वेगळी वागत नाही. बिस्किटांच्या वेष्टनावरील मोठी अक्षरे न वाचता मागच्या तक्त्यातील एकूण कर्बोदके पाहावीत आणि तो आकडा किती ग्रॅमसाठी दिला आहे हेही तपासावे. साखर वगळली तरी मैदा तसाच असतो.

डॉक्टरांकडे जाताना मूत्रपिंडांची स्थिती दाखवणारे, म्हणजे रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन यांचे अहवाल अवश्य न्यावेत. मूत्रपिंडांवर परिणाम झाला असेल तर प्रथिने साधारणपणे शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅमच्या आसपास ठेवतात, आणि पोटॅशियम वाढलेले असल्यास काही फळे व भाज्या बदलाव्या लागतात. तेव्हा मी वर सुचवलेली न्याहारीही त्यानुसार बदलेल. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून तीही तपासणी करावी का, हे विचारावे. भेट होईपर्यंत ग्लिमेपिराइड न्याहारी समोर आल्यावरच द्यावे आणि ती न्याहारी त्यांच्याकडून पूर्ण खाल्ली जाते ना, याकडे लक्ष ठेवावे.