नळ गळतोय एवढंही घरमालकाला सांगवत नाही का?

सिंहगडरोडकर:
जरा मोठं होईल, पण खूप दिवस डोक्यात साठलंय. आमचा सिंहगड रोडला टू बीएचके आहे, बाबांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून २००९ ला घेतलेला, आता बाबा नाहीत आणि आईचं महिन्याचं सगळं त्या भाड्यावर चालतं. तीन वर्षं एक जोडपं होतं, दोघंही आयटीत, २२ हजार भाडं कधी एक दिवस उशिरा नाही, त्याबद्दल तक्रार नाहीच. मागच्या महिन्यात त्यांनी घर सोडलं. चावी घेऊन आत गेलो, ओट्याखालची ट्रॉली ओढली तर पुढची फळी हातातच आली. प्लायवूड फुगून नुसता भुसा झालेला. सिंकखालचा पाइप किती महिने गळत होता देव जाणे, आणि त्याखाली त्यांनी बादली लावून ठेवलेली! म्हणजे माहीत होतं. बादली लावायची सुचली, मला एक व्हॉट्सॲप करायचं नाही सुचलं.

बाथरूमचं तर याहून वाईट. तिथलं पाणी झिरपून खालच्या काकूंच्या बेडरूमला ओल आली, पंख्याजवळचा प्लास्टरचा पोपडा खाली पडला. काकू पंचाहत्तरीच्या, एकट्या राहतात. त्या दोनदा जिने चढून सांगायला गेल्या, दोन्ही वेळा "ओनरना कळवतो" असं उत्तर मिळालं आणि मला कोणी काही कळवलं नाही.

ट्रॉल्या ३८ हजार, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स ४५, काकूंचं छत १२, घराचा रंग २८. डिपॉझिट ६० हजार होतं, ते मी अडकवून ठेवलंय तर आता मीच लुटारू ठरलोय. सांगा, यात माझं काय चुकलं?

पाचवं_घर:
बादलीचं त्यांचं चुकलंच, त्यात वाद नाही. पण हिशोब बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय. रंगाचे २८ हजार कशासाठी? तीन वर्षं माणसं राहिली तर भिंती मळणारच, ती काय नासधूस आहे का? २००९ च्या ट्रॉल्या असतील तर त्यांना नव्याचा भाव कसा लावता? आणि इतक्या वर्षांनी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग जातंच, भाडेकरू असो नाहीतर तुम्ही स्वतः असा. मी दहा वर्षांत पाच घरं बदलली आणि प्रत्येक वेळी "पेंटिंग"च्या नावाखाली पैसे कापून गेलेत. एका घरात जुलैत भिंतीला बुरशी आली म्हणून फोटो पाठवले, मुलीला रात्री धाप लागायची, मालक आले दिवाळीनंतर. आणि घर सोडताना त्याच भिंतीचा रंग माझ्या डिपॉझिटमधून! तेव्हा निष्काळजी कोण होतं?

केंद्राचा २०२१ चा मॉडेल टेनन्सी ॲक्ट आहे, राज्याने स्वीकारला तरच लागू होतो हे माहीत आहे, पण त्यातली यादी एकदा वाचा. भिंतींचा रंग आणि पाइप बदलणं मालकाकडे दिलंय. राहत्या घराचं डिपॉझिटही दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको म्हटलंय.

डोंबिवलीचे_काका:
त्याच कायद्यात हेही लिहिलंय की काही नुकसान झालं तर भाडेकरूने लवकरात लवकर मालकाला कळवायचं आणि घराची नीट काळजी घ्यायची. नळाचे वॉशर, गीझर, स्विच, तुंबलेलं ड्रेनेज हे भाडेकरूकडे. अर्धी यादी वाचून दाखवू नका.

घर भाड्याने देणं म्हणजे घरबसल्या पैसा असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मालक होऊन बघावं. सोसायटीचे नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः न राहता घर भाड्याने दिलं की लागणारे), पुण्यात स्वतः राहत असाल तर प्रॉपर्टी टॅक्सला मिळणारी ४० टक्के सवलत जाते, ब्रोकरचं एक भाडं, मधे घर रिकामं राहिलं तर तेही मालकाच्या माथी. सिंहगडरोडकर, तुमचं चुकलं ते एवढंच की तीन वर्षांत घरात पाऊल टाकलं नाहीत. मी ॲग्रीमेंटमध्येच लिहून घेतो, दर तीन महिन्यांनी आधी फोन करून येणार आणि ओट्याखाली, बाथरूममध्ये बघणार. आणि ॲग्रीमेंट रजिस्टरच करा, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती मालकाचीच जबाबदारी आहे, नाही केलं तर उद्या वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात, खोटं ठरवायचं काम तुमच्यावर.

वाकडवाली:
काका, दर तीन महिन्यांनी माझ्या बाथरूममध्ये कोणी डोकावणार असेल तर मी ते घर घेणारच नाही. एकटी मुलगी म्हणून आधीच घर मिळता मिळत नाही, त्यात ही तपासणी.

मला वाटतं भाडेकरू सांगत का नाही याचा कोणी विचारच करत नाहीये. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट असतं. काही बिघडलं म्हणून फोन केला की पहिला प्रश्न "तुम्ही काय केलंत?" आणि दुसरं वाक्य "तुम्हीच करून घ्या, वापरता तुम्ही". दोन-तीनदा फोन केले की पुढच्या रिन्यूअलला भाडं वाढतं नाहीतर घरात मालकाच्या बहिणीचा मुलगा राहायला येणार असतो. मग माणूस गप्प बसून बादली लावतो. मीही लावली आहे.

सिंहगडरोडकर:
वाकडवाली, तुमचं वाचून मी काल जुने मेसेज उघडून बघितले. दुसऱ्या वर्षी त्यांनी गीझर बंद पडल्याचं कळवलं होतं आणि मी लिहिलं होतं की "लोकल माणूस बोलवून करून घ्या, बिझी आहे". त्यानंतर त्यांचा एकही मेसेज नाही, फक्त भाडं भरल्याचे स्क्रीनशॉट. हे माझं चुकलं, इथे सगळ्यांसमोर लिहितो.

पण काकूंचं काय? माझी भीती वाटली असेल, काकूंची कसली भीती? म्हातारी बाई दोनदा वर चढून आली तर निदान तिला माझा नंबर द्यायचा, सोसायटीच्या ऑफिसात सांगायचं. त्याला मी आजही बेफिकिरीच म्हणणार.

पाचवं_घर:
काकूंबद्दल बरोबर आहे तुमचं, त्याला काही उत्तर नाही. पण पैशांचं?

सिंहगडरोडकर:
रंगाचे पैसे हिशोबातून काढून टाकले. ट्रॉल्या अर्ध्या धरल्या, १९ हजार. बाथरूमही अर्धं, साडेबावीस. काकूंचं छत पूर्ण, बारा. झाले साडेत्रेपन्न, उरलेले साडेसहा हजार आज सकाळी ट्रान्सफर केले, बिलांचे फोटो पण पाठवले.

पाचवं_घर:
बाथरूमचं अर्धं मला अजूनही पटत नाही. वॉटरप्रूफिंग मालकाचंच.

सिंहगडरोडकर:
नाही पटलं तरी चालेल, मी तिथे मागे येणार नाही. त्यांना अजून एक मेसेज केलाय, जमलं तर एकदा काकूंना भेटून जा म्हणून. ब्लू टिक आली, उत्तर नाही. वॉटरप्रूफिंगवाला गुरुवारी येतोय, तोवर काकूंच्या बेडरूमचा पंखा उतरवून ठेवलाय आणि त्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपतायत.