मदत हवी आहे: महाविद्यालयातील १४२ ॲक्सेस पॉइंट बदलावेत का, आणि बदलायचे तर कोणत्या पिढीचे घ्यावेत?

नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या नेटवर्कची देखभाल मी गेली नऊ वर्षे करतो. मुख्य इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि दोन वसतिगृहे मिळून आमच्याकडे १४२ ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पसरवणारी यंत्रे, पुढे ‘एपी’) आहेत. ते सगळे २०१८ साली घेतलेले, वाय-फाय ५ या पिढीच्या दुसऱ्या टप्प्यातले आहेत. कंपनीने त्यांची विक्री केव्हाच थांबवली असून पुढच्या वर्षअखेरीस त्यांच्यासाठीच्या सुरक्षाविषयक सुधारणाही बंद होणार आहेत. संस्थेने या वर्षी नेटवर्कसाठी निधी मंजूर केला आहे. तो ३१ मार्चपूर्वी खर्ची पडला नाही तर परत जाईल. पुरवठादाराने जुने १४२ एपी काढून त्याच जागी वाय-फाय ७ चे तितकेच एपी बसवण्याचे दरपत्रक दिले आहे. असा निधी पुन्हा सहा-सात वर्षे मिळणार नाही, त्यामुळे शिफारशीच्या कागदावर सही करण्यापूर्वी जाणकारांचे मत घ्यावे असे मनापासून वाटते.

आधी तक्रारी सांगतो, कारण बदलाची मागणी त्यांतूनच आली आहे. सप्टेंबरमधील अंतर्गत परीक्षा आम्ही एका सभागृहात साठ लॅपटॉपवर ऑनलाइन घेतली. पहिल्या वीस मिनिटांतच अकरा विद्यार्थ्यांची पाने अडकली. एका विद्यार्थिनीने मला बोलावून पडदा दाखवला: उत्तर जतन होत असल्याचे चक्र नुसते फिरत होते आणि कोपऱ्यात सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. तिचे उत्तर गेले ते गेलेच, आणि पुढे तिला ते पुन्हा लिहिण्यासाठी वेळ वाढवून द्यावा लागला. कंट्रोलरवर (सर्व एपी सांभाळणाऱ्या यंत्रणेवर) पाहिले तेव्हा २.४ गिगाहर्ट्झवर (वाय-फायच्या २.४, ५ आणि ६ गिगाहर्ट्झ या लहरपट्ट्यांपैकी सर्वांत जुन्यावर) चॅनेल, म्हणजे पट्ट्यातील एक ठरलेली वाट, ७८ टक्के व्यापलेले दिसत होते, पण प्रत्यक्ष वाहणारा डेटा सेकंदाला ५ मेगाबिटच्याही आत होता. (हे लॅपटॉप जुने असून त्यांतील बहुतेकांची वायरलेस कार्डे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात.) चॅनेल इतके भरलेले आणि डेटा इतका थोडा, हे कसे घडते ते मला अजून उलगडलेले नाही.

वसतिगृहांची अडचण वेगळी आहे. दोन्ही इमारती जांभ्या चिऱ्याच्या आहेत, भिंती दीड फूट जाड आहेत आणि एपी व्हरांड्याच्या छताला ओळीने लावलेले आहेत. व्हरांड्यात उभे राहिल्यास सिग्नल उणे ५२ डीबीएम मिळतो (उण्यापुढचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल कमजोर); खोलीत जाऊन दार लावले की तोच उणे ७४ पर्यंत उतरतो. मेमध्ये घेतलेली ही मोजणी ऑगस्टमध्ये, चिरा पावसाचे पाणी पिऊन बसलेला असताना, त्याच खोलीत पुन्हा घेतली तेव्हा ती उणे ७९ आली. मुले रात्री अभ्यासाला लॅपटॉप घेऊन दारात बसतात. डासांत आणि पावसाच्या झडीत तशी बसलेली मुले पाहून फार वाईट वाटते.

वापरणाऱ्यांकडे कोणती उपकरणे आहेत तेही मोजले. कंट्रोलरने एका आठवड्यात २,३४० वेगवेगळी उपकरणे नोंदवली. त्यांपैकी ३९० केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालणारी, १,२९५ वाय-फाय ५ ची आणि ६१० वाय-फाय ६ ची होती. ६ गिगाहर्ट्झ वापरू शकतील अशी उपकरणे जेमतेम ४५ निघाली. प्रयोगशाळेतील संगणकांवर अजून विंडोज १० आहे. तिला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि ६ गिगाहर्ट्झ वापरायचे तर विंडोज ११ लागतेच.

त्यात हे लिहिताना, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये, ६ गिगाहर्ट्झचा मुद्दा आपल्याकडे पूर्ण सुटलेला नव्हता. दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुदा नियमांत ५,९२५ ते ६,४२५ मेगाहर्ट्झ हा पट्टा इमारतीच्या आतील कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त करण्याचा प्रस्ताव होता, पण अंतिम नियम हातात नसताना त्या पट्ट्याच्या भरवशावर खरेदी करावी असे मला वाटले नाही. मुळात तो पट्टा ५०० मेगाहर्ट्झचा असल्याने वाय-फाय ७ च्या जाहिरातीत झळकणारे ३२० मेगाहर्ट्झचे चॅनेल त्यात एकच बसते. शेजारच्या दोन एपींना ते वाटून देता येणार नाही, आणि मग १४२ एपींच्या आवारात त्याचा उपयोग काय?

शेवटची अडचण स्विचची, म्हणजे केबलमधून एपींना डेटा आणि वीजही देणाऱ्या यंत्रांची आहे. आमचे २४ पोर्टचे स्विच एकूण ३७० वॉट वीज पुरवतात आणि सर्व पोर्ट एक गिगाबिटचे आहेत. सध्याचे एपी १३ वॉटच्या आत चालतात. दरपत्रकातील एपी पूर्ण क्षमतेने २५ वॉटच्या पुढे जातात, म्हणजे एका स्विचवर चौदापेक्षा जास्त चालणार नाहीत. दरपत्रकात मात्र स्विचचा उल्लेखही नाही.

तर विचारायचे ते असे: निधी जाऊ नये म्हणून सर्व एपी सरसकट बदलावेत, की आमचा दोष पिढीत नसून मांडणीत आहे? वाय-फाय ६ घेऊन पैसे वाचवणे शहाणपणाचे ठरेल, की सात वर्षे टिकवायचे असल्याने ७ च घ्यावे? आणखी एक माहिती: आमच्याकडे विद्यार्थी, शिक्षक, कार्यालय, पाहुणे, परीक्षा आणि कॅमेरे अशा सहा नावांची नेटवर्के सर्व एपींवरून प्रसारित होतात.

प्रतिसाद

चॅनेल भरलेले पण डेटा थोडा, या तुमच्या कोड्याचे उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. प्रत्येक एपी प्रत्येक नावासाठी साधारण दर १०२ मिलिसेकंदांनी आपली ओळख सांगणारा एक संदेश, म्हणजे बीकन, पाठवतो. डेटा पाठवण्याचा सर्वांत कमी दर (वेग) सेकंदाला १ मेगाबिट ठेवलेला असेल, तर ३०० बाइटचा असा एक संदेश सुमारे २.६ मिलिसेकंद हवा, म्हणजे सर्वांचे सामायिक चॅनेल, अडवतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ ही तीनच चॅनेले एकमेकांवर न चढणारी आहेत, त्यामुळे सभागृहात एकाच चॅनेलवरचे तीन एपी ऐकू येणे अगदी स्वाभाविक आहे. सहा नावे, तीन एपी आणि प्रत्येकी २.६ मिलिसेकंद धरले तर १०२ पैकी ४७ मिलिसेकंद केवळ ओळखी सांगण्यात गेले. विद्यार्थ्यांनी काही पाठवण्यापूर्वीच निम्मी हवा संपलेली असते. उरलेल्यात साठ लॅपटॉप, त्यांचे अडखळलेले आणि पुन्हा पाठवलेले तुकडे, शिवाय खिशांतले मोबाइल आले.

वाय-फाय ७ चा एपी बसवून हेच सेटिंग ठेवले तर हे गणित तसेच राहील, कारण २.४ वरील बीकन जुन्याच पद्धतीने जातात. नावे तीनवर आणा, १, २, ५.५ आणि ११ हे दर बंद करून किमान १२ ठेवा आणि सभागृहातील एकाआड एक एपीचा २.४ रेडिओ (त्या पट्ट्यावर चालणारा भाग) बंद करा. याला एक रुपयाही लागत नाही. ५ गिगाहर्ट्झमध्ये चॅनेलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवली असेल तर वसतिगृहात ती २० किंवा फार तर ४० करा. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेपासून आपल्याकडे त्या पट्ट्यात ६०५ मेगाहर्ट्झ खुले आहेत. अरुंद चॅनेले घेतली तर शेजारी एपी एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

आधी हे करा, पुन्हा मोजा आणि मगच दरपत्रकाकडे वळा.

प्रतिसाद

मी पुण्यातील एका रुग्णालयात हेच काम करतो आणि वरील मताशी सहमत आहे, पण एका मुद्द्यावर सावध करू इच्छितो. सेटिंग सुधारून जुने एपी ठीक चालू लागले तरी सुरक्षा-सुधारणा बंद झालेला एपी कार्यालयाच्या आणि परीक्षेच्या नेटवर्कवर ठेवू नये. तेव्हा बदल करावाच लागेल, प्रश्न किती आणि कुठे एवढाच आहे.

पिढीबद्दल माझे मत असे की वाय-फाय ६ चे प्रमाणीकरण २०१९ पासूनचे आहे आणि ७ चे जानेवारी २०२४ पासूनचे. आज घेतलेले उपकरण तुम्हाला २०३२ पर्यंत चालवायचे आहे, म्हणून ७ घ्यावे ते वेगासाठी नव्हे, तर सुधारणा अधिक वर्षे मिळतील म्हणून. मात्र तीन रेडिओंचा महागडा नमुनाच हवा असे नाही, २.४ आणि ५ असे दोनच रेडिओ असलेले वाय-फाय ७ चे एपीही मिळतात आणि त्यांना वीज कमी लागते. आम्ही तीन रेडिओंचे एपी जुन्या ३० वॉटच्या पोर्टवर जोडले, तेव्हा त्यांनी काही अँटेना आपोआप बंद केल्या आणि दोन महिने ते कोणाच्या लक्षातही आले नाही. कंट्रोलरमध्ये एपीला मिळणाऱ्या विजेचा रकाना असतो, तो रोज पाहा.

निविदेत प्रत्येक एपीमागील वार्षिक लायसन्स (वापराचा परवाना) पाच वर्षांसाठी समाविष्ट करण्याची अट घाला. नाहीतर निधी एकदाच येतो आणि लायसन्सचे बिल दर वर्षी येते. आणखी एक गोष्ट: ६ गिगाहर्ट्झवर डब्ल्यूपीए३ (वाय-फायची नवी सुरक्षा पद्धत, डब्ल्यूपीए२ ही जुनी) सक्तीचे आहे. आमची औषध-भांडारातील जुनी बारकोड यंत्रे डब्ल्यूपीए२ आणि ३ यांच्या मिश्र सेटिंगवरसुद्धा जोडली जाईनात, म्हणून खरेदीपूर्वी तुमच्याकडचे प्रत्येक जुने यंत्र एकेक करून तपासा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनंतर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे सहा नावांची तीन केली, खालचे दर बंद केले आणि सभागृहातील निम्मे २.४ रेडिओ बंद केले. साठ लॅपटॉपवर सराव परीक्षा घेतली तेव्हा चॅनेलचा वापर ३१ टक्क्यांवर राहिला आणि एकही पान अडकले नाही. सप्टेंबरमधील ती विद्यार्थिनी सरावालाही होती. तासाभरात शांतपणे पेपर संपवून ती बाहेर पडली, तेव्हा मला फार समाधान वाटले. दर बंद केल्यामुळे हजेरीची दोन जुनी यंत्रे मात्र जोडली जाईनात, म्हणून त्यांना सरळ वायर ओढून दिली.

वसतिगृहात व्हरांड्यातील चार एपी उतरवून प्रायोगिक म्हणून चार खोल्यांत लावले आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ केली. ज्या खोलीत पूर्वी उणे ७४ मिळत होते तिच्या शेजारच्या खोलीत एपी आहे, आणि मधल्या एका भिंतीपलीकडून आता उणे ६१ मिळतात. एपी तोच, २०१८ चाच आहे. यावरून माझे मत पक्के झाले की वसतिगृहांत जागा बदलल्याशिवाय कोणतीही पिढी उपयोगाची नाही.

प्राचार्यांपुढे आता असा प्रस्ताव ठेवला आहे: सरसकट बदल रद्द करावा. निधीचा पहिला वाटा अधिक वीज देणाऱ्या आणि अडीच गिगाबिटचे पोर्ट असलेल्या स्विचवर व वसतिगृहांच्या नव्या केबलवर खर्च व्हावा. त्यानंतर सभागृह, ग्रंथालय, कार्यालय आणि वसतिगृहे यांसाठी दोन रेडिओंचे वाय-फाय ७ चे एपी, पाच वर्षांच्या लायसन्ससह घ्यावेत. मुख्य इमारतीतील वर्गखोल्यांचे जुने एपी सुधारणा मिळत आहेत तोवर चालवावेत आणि नंतर गरजेपुरतेच बदलावेत. पुरवठादाराने सुधारित दरपत्रक देण्याचे मान्य केले आहे. जुन्या केबल मोजून घेतल्या. त्या कॅट ५ई (नेटवर्क केबलचा एक जुना प्रकार) आहेत आणि शंभर मीटरच्या आत असल्याने अडीच गिगाबिटला चालतील, तेवढा खर्च वाचला.

एक गोष्ट अजून विचारायची आहे. वसतिगृहांत खोलीखोलीत केबल न्यायची तर चिऱ्याला भोके पाडावी लागतील, आणि आमच्याकडे मेमध्ये वळवाच्या विजा जोरात कडाडतात. दोन्ही वसतिगृहांना जोडणारी सध्याची केबल तांब्याची असून ती उघड्यावरून जाते. २०२१ मध्ये वीज पडली तेव्हा त्या टोकाचे आठ पोर्ट एका रात्रीत गेले होते. ती केबल आता काढून त्या जागी फायबर (काचेच्या तंतूंची, वीज न वाहणारी केबल) टाकण्याचा विचार आहे. कोकणातील चिऱ्याच्या जुन्या इमारतीत हे काम कोणी केले असल्यास, भोकातून पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून पाइप कोणत्या उतारावर बसवला आणि भोक कशाने बुजवले, हे कृपया सांगावे. काम फेब्रुवारीत सुरू करायचे आहे.