कॉलेजचं सत्र, हॉस्टेलची खोली आणि विणकाम: काय पुरं होतं, काय अर्धवट राहतं?

अर्धा_मफलर

इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, पुण्यात हॉस्टेल. परीक्षा डिसेंबरात, त्याआधी सबमिशन आणि ओरल. विणकामाला आठवड्याला फार तर चार तास आणि महिन्याला ३०० रुपये. सामान असं: आठ नंबरच्या दोन सुया, दोन जुने स्वेटर (एक घरी विणलेला, एक विकतचा), पाच-सहा जुने टी-शर्ट. टाके घालणं, सुलट, उलट, टाके बंद करणं एवढं येतं.

१. या सत्रात काय घ्यावं? मफलर सोपा म्हणतात, तोच घेऊ का?
२. जुने स्वेटर उसवून लोकर खरंच वापरता येते का? कशी?
३. सुलट-उलट विणलेल्या पट्टीच्या कडा गुंडाळल्या जातात. इस्त्रीने बसतील का?
४. यूट्यूबवरच्या अमेरिकन नमुन्यात '८ नंबरची सुई' लिहिलेलं असतं, सुई तीच घेतली तरी वस्तू दर वेळी लहान होते. का?

---

सुई_नंबर_आठ

चौथ्यापासून सुरू करते, कारण तिथे तुमची चूक नाहीच. आपल्याकडच्या सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात आणि ते उलटे चालतात: नंबर वाढला की सुई बारीक. आपली ८ नंबरची सुई ४ मिमीची, १० नंबरची सव्वातीन मिमीची, ६ नंबरची ५ मिमीची. अमेरिकन ८ नंबर म्हणजे ५ मिमी. म्हणजे त्यांच्या ८ साठी आपली ६ नंबरची सुई हवी. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. क्रोशातही असाच घोळ आहे: अमेरिकन 'सिंगल क्रोशे' म्हणजे ब्रिटिश 'डबल क्रोशे'. व्हिडिओ कुठला आहे ते आधी पाहा.

आता पहिला प्रश्न. मफलर सोपा आहे, पण छोटा नाही. वस्तू अवघड आहे का हे नंतर पाहा, आधी तिच्यात टाके किती ते मोजा. मध्यम जाडीची लोकर आणि ४ मिमीची सुई यावर १० सेमीत साधारण २० टाके बसतात असं धरू.

मफलर, २० सेमी रुंद, दीड मीटर लांब, दोन्ही बाजूंनी सुलट: ४० टाके, आणि या विणीत ओळी दाट बसत असल्याने सुमारे ५७० ओळी. झाले जवळजवळ २३ हजार टाके. नवशिक्याचा वेग मिनिटाला १५ टाके धरला तर २५ तास. मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर ५० हजारांच्या आसपास जातो, म्हणजे ५५ तास, शिवाय शिवण वेगळी. कानटोपी साडेचार हजारांच्या थोडी वर, पाच तास.

आठवड्याला चार तास असतील तर टोपी दीड आठवड्यात होते. मफलरला सहा-सात आठवडे लागतात, तेही सबमिशन मध्ये आलं नाही तर. मफलर अर्धवट राहतात ते यामुळेच, आळसामुळे नाही. तुमचा खरा वेग फोनवर पाच मिनिटं लावून मोजा आणि पाचने भागा.

टोपी अशी करा. डोक्याचा घेर ५६ सेमी असेल तर टोपी ४८ ची हवी, ताणून बसली तरच टिकते. त्याचे ९६ टाके, शिवणीसाठी कडेला एकेक जादा, म्हणून ९८ घाला. पहिले ५ सेमी २ सुलट २ उलट. पुढे एक ओळ सुलट, एक उलट, एकूण उंची १३ सेमी होईपर्यंत. मग सुलट ओळीत, कडेचे टाके सोडून: १० सुलट, २ एकत्र, असं आठ वेळा. परतीची ओळ नुसती उलट. पुढच्या सुलट ओळीत ९ सुलट, २ एकत्र. असं प्रत्येक सुलट ओळीत ८ टाके कमी होत सुईवर १० उरतात. धागा ४० सेमी ठेवून कापा, दाभणात ओवून दहाही टाक्यांतून काढा, ओढा आणि त्याच धाग्याने बाजू शिवा. उंची २१ सेमीच्या आसपास येते.

त्याआधी २६ टाक्यांचा छोटा चौकोन विणा आणि मधले १० सेमी मोजा. कडेचे टाके मोजू नका, ते खोटं सांगतात. २० ऐवजी २२ टाके आले तर तीच टोपी साडेत्रेचाळीसची होईल आणि डोक्यावरून उडेल. अशा वेळी टाके वाढवण्यापेक्षा ७ नंबरची, म्हणजे साडेचार मिमीची सुई घ्या.

कडा: इस्त्रीने बसणार नाहीत. या विणीच्या दोन बाजूंचा ताण सारखा नसतो, म्हणून उभ्या कडा मागे वळतात आणि वरची-खालची पुढे. दोन्ही बाजूंना ४-४ टाके प्रत्येक ओळीत सुलटच विणा, सुरुवातीला आणि शेवटी ६ ओळी पूर्ण सुलट. दोनच टाक्यांची किनार ठेवली तर ती किनारही वळते.

---

उसवाउसवी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी स्वेटर उलटा करून बगलेची शिवण पाहा. कड कापून ओव्हरलॉक मारलेली असेल (दाट नागमोडी दोरा, शर्टाला असतो तसा), तर तो उसवू नका. कापड कापलेलं असल्याने प्रत्येक ओळीला धागा तुटतो आणि हातात मीटरभराचे तुकडे येतात. विकतच्या स्वेटरांत हे फार असतं. शिवण साखळीसारखी दिसत असेल आणि कडेला टाके अखंड असतील तर उत्तम. घरी विणलेला बहुधा असाच निघेल.

साखळीच्या शिवणीचा एक टाका कापा आणि ओढून पाहा. योग्य टोक सापडलं तर सर्रकन निघते. अडली तर दुसऱ्या टोकाकडून पाहा. आधी गळपट्टी, मग बाह्या, शेवटी पुढचा आणि मागचा भाग. उसवायला सुरुवात विणकाम जिथे संपलं तिथून, म्हणजे बहुतेक वेळा गळ्या-खांद्याकडून. खालच्या बॉर्डरकडून सुरू केलंत तर ओळीगणिक अडकेल.

लोकर आहे की अॅक्रिलिक, ते जाळून कळतं. दहा सेमीचा तुकडा, चिमटा, खाली पाण्याची स्टीलची ताटली, आणि हे हॉस्टेलच्या खोलीत नको, मोकळ्यावर. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली गेली तर लोकर. वितळून काळा टणक मणी झाला तर अॅक्रिलिक. कागद जळल्याचा वास आणि मऊ करडी राख म्हणजे सुती. आपण बाजारात 'लोकर' म्हणून आणतो त्यातली बरीचशी अॅक्रिलिकच असते, त्यात वाईट काही नाही, फक्त वागणूक वेगळी.

उसवलेला धागा मॅगीसारखा कुरळा असतो. त्याचा लगेच गुंडा करू नका. खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं, नाहीतर पाण्यात गुंता होतो. कोमट पाण्यात चमचाभर शाम्पू, वीस मिनिटं. पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, हँगरवर सावलीत टांगा. खाली पाण्याची भरलेली बाटली लटकवण्याचा सल्ला दिसेल, तो मानू नका: ओली लोकर त्या वजनाने ताणून वाळते आणि टोपी पहिल्याच धुण्यात आखडते.

अॅक्रिलिकचा कुरळेपणा पुरता जात नाही. वाफेची इस्त्री वितभर वरून फिरवली तर थोडा उतरतो. इस्त्रीचा तवा टेकला की धागा कायमचा लुळा आणि चकचकीत होतो, तो परत येत नाही. त्यापेक्षा असा धागा दोन्ही बाजूंनी सुलट विणा, त्या वीणेत कमी-जास्त टाके लपतात.

विकतच्या स्वेटरचा धागा बारीक असतो. पट्टीवर अडीच सेमीत शेजारी शेजारी गुंडाळा, न ताणता. ११ ते १४ वेढे बसले तर तुमच्या सुईला बरोबर. २० च्या पुढे गेले तर दोन पदर एकत्र घ्या आणि पुन्हा मोजा.

तुकडे जोडायचे तर लोकरीची दोन टोकं ५ सेमी पिंजून, एकमेकांवर ठेवून, ओली करून तळहातात जोरात चोळली की एकजीव होतात, गाठ लागत नाही. अॅक्रिलिकला हे जमत नाही, तिथे दोन्ही टोकं सहा-सात टाके एकत्र विणून शेपट्या नंतर ओवायच्या. गरम पाण्यात धुऊन आटलेला, घोंगडीसारखा झालेला स्वेटर उसवत नाहीच. तो कापून लॅपटॉपची पिशवी करा, कडा सुटत नाहीत.

आणि सुट्टीत घरी जाल तेव्हा बोहारणीला कपडे जाण्याआधी गठ्ठा चाळा. हाताने विणलेले स्वेटर तिथेच सापडतात. आणल्यावर दिवसभर उन्हात झटका आणि धुवा, कसर लागलेली असेल तर ती बाकीच्या लोकरीत शिरते.

---

धावदोरा

वरच्या दोघांशी थोडा वाद. नवी लोकर आणून विणणं ही काटकसर नाही, छंद आहे, आणि तसंच म्हणावं. थंडीत तिबेटी विक्रेत्यांकडे तयार स्वेटर मिळतो, तेवढ्याच आकाराच्या स्वेटरची चांगली लोकर त्याहून स्वस्त पडेलच असं नाही, आणि पडली तरी ५५ तास फुकट धरले तरच. खरी बचत रफूत आणि टी-शर्टात आहे.

टी-शर्टची दोरी: फक्त सुती, मोठी छपाई नसलेला, शक्यतो बाजूला शिवण नसलेला. बगलेखालून आडवा कापा, खालची दुमड काढून टाका, उरते नळी. ती आडवी पसरून अशी दुमडा की खालची कड वरच्या कडेच्या ५ सेमी बाहेर राहील. दुमडीकडून अडीच सेमीच्या पट्ट्या कापत जा, वरची कड पार करा, पण बाहेरचे ५ सेमी अखंड सोडा. मग तो अखंड भाग उघडून तिरके काप द्या: एका बाजूची पहिली चीर दुसऱ्या बाजूच्या दुसऱ्या चिरेला. सरळ कापलंत तर सुट्या रिंगा पडतील. नंतर हाताने ताणा, पट्टी गुंडाळून दोरी होते.

हिशेब: घेर १ मीटर, उंची ४० सेमी, म्हणजे १६ वेढे, १६ मीटर, ताणल्यावर थोडी जास्त. १० मिमीचा क्रोशा लागतो. एका टी-शर्टात टेबलावरचा पेनांचा डबा निघतो. पायपुसण्याला सहा-सात लागतील, तुमच्याकडे तेवढे नाहीत, सुरूच करू नका.

आणि हे महत्त्वाचं: गरम भांडं धरायचं काही विणायचं तर सुतीच. अॅक्रिलिक वितळून हाताला चिकटतं.

स्वेटरचं कोपर किंवा मोजा फाटला तर रफू: आतून पालथी वाटी धरा. भोकाच्या कडेपलीकडे १ सेमी धडक्या वीणेपासून उभे धागे घाला, मग आडवे, एक वर एक खाली. प्रत्येक वळणावर थोडा फास सैल सोडा. घट्ट ओढलं तर धुतल्यावर चुणी पडते आणि शेजारची वीण फाटते. वीस मिनिटांचं काम, आणि हे ओरलच्या आदल्या रात्रीसुद्धा होतं.

---

रिकामा_तास

तास मोजले, पण ते काढायचे कुठून आणि कसे, हे कोणी बोललं नाही.

काम दोन प्रकारचं ठेवा. एक 'डोळे न लावता' होणारं (सगळ्या ओळी सुलट), ते रेकॉर्ड केलेलं लेक्चर ऐकताना चालतं. थिअरीचं, बरं का. गणिताचं डेरिव्हेशन ऐकताना पेन हातात लागतो. दुसरं मोजायचं काम (टोपीची वरची घट, म्हणजे टाके कमी करत जाणं), ते रविवारी. ओळीच्या मध्ये सुई खाली ठेवू नका, टाके सुटतात आणि पुढे कुठल्या दिशेने जायचं ते कळत नाही. उठताना ओळीचा आकडा कागदावर, आणि सुयांच्या टोकांना रबरबँड.

लोकल किंवा पीएमपी बसमध्ये लांब सरळ सुया शेजाऱ्याच्या बरगडीत जातात. ८० सेमीची गोल सुई (लवचिक केबलने जोडलेली दोन टोकं) घ्या, तिच्यावर सपाटही विणता येतं, आणि बॅगेत टाके सरकले तर केबलवर राहतात.

नवा धागा घ्यायचाच तर लागणारे सगळे गुंडे एकदम, लेबलवरचा डाय लॉट नंबर (कुठल्या खेपेत रंगवली तो) सारखा बघून. पुण्यात तुळशीबागेत एक चक्कर पुरते. वेगळ्या लॉटचा आला तर दोन ओळी जुन्याच्या, दोन नव्याच्या, अशा आलटून-पालटून विणा. उरलेली लोकर पुरेल का हे वजनाने ठरवा: गुंडा तोला, दहा ओळी विणा, पुन्हा तोला. काटा नसेल तर केमिस्ट्री लॅबच्या मित्राला धरा.

अर्ध्या तासाने हात सोडा, मनगट मागे-पुढे. लेखी परीक्षेच्या आठवड्यात घट्ट क्रोशा नको. तीन तासांचा पेपर त्याच अंगठ्याने लिहायचाय.

---

अर्धा_मफलर

टोपी घेते, घरच्या स्वेटरच्या धाग्यावर. विकतच्याची शिवण ओव्हरलॉक निघाली, तो राहू दे. गोल सुईवर सलग विणायची तर ९८ च घालायचे का? आणि ८० सेमीच्या सुईवर ४८ सेमीचं काम बसेल कसं?

---

सुई_नंबर_आठ

गोल विणताना ९६. ते दोन शिवणीचे होते, शिवण नाही तर तेही नाहीत.

केबल मधून फास काढून ओढून घ्या, ४८ टाके एका सुईवर, ४८ दुसरीवर, मागची सुई ओढून पुढचे ४८ विणा, मग बाजू बदला. जोडण्याआधी टाक्यांची खालची कड सगळीकडे आतल्या बाजूला आहे ना ते पाहा. एक पीळ राहिला तर पाच ओळींनंतर कळतं आणि उसवण्याखेरीज इलाज नसतो. सुरुवातीच्या टाक्यावर सेफ्टी पिन.

गोलात परतीची ओळ नसते, त्यामुळे बॉर्डरनंतर सगळं सुलटच. घट एक ओळ सोडून एक, शेवटी आठ टाके उरतील. उलट ओळ नसल्याने काहींचा हात सैल पडतो, तेव्हा नमुन्याचा चौकोन सपाट विणला असेल तर बॉर्डरनंतर ३ सेमीवर पुन्हा मोजा. १० सेमीत १९ टाके आले तर चालेल, १८ आले तर टोपी ५३ ची झाली आणि ती बॉर्डरनंतरची वीण उसवून नऊ नंबरच्या सुईवर घ्यायची.