मदत हवी आहे: 'सुपरनॅचरल'च्या कादंबऱ्या, सहाव्या सीझनआधी की नंतर?

'सुपरनॅचरल' या भुतांची शिकार करणाऱ्या सॅम आणि डीन या भावांवरच्या अमेरिकन मालिकेचे पाच सीझन बघून झालेत, सहावा अजून सुरू केलेला नाही. मध्ये मालिकेवरच्या कादंबऱ्या वाचतेय. 'नेव्हरमोअर' (२००७) दुसऱ्या सीझनच्या काळातली: न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एडगर ॲलन पोच्या कथांसारखे खून, आणि सॅम-डीनची चिडवाचिडवी थेट पडद्यावरची. 'बोन की'पण झाली, फ्लोरिडातली भुतं आवडली.

आता हातात 'वन इयर गॉन' आहे. ती पाचव्या आणि सहाव्या सीझनमधल्या वर्षात घडते, एवढं कळलंय. नेटवर शोधायला गेलं की पहिल्याच ओळीत पुढचं सगळं कळतं, त्यामुळे ते बंद. प्रकाशनाचा क्रम नकोय, तो माहीत आहे. कथानकही सांगू नका प्लीज.

ज्यांनी दोन्ही केलंय त्यांनी एवढंच सांगा: ही आधी वाचली तर सहाव्या सीझनमधलं काही फुटतं का?